तारखेच्या हाती संपादकपद

दर वर्षी २७ फेब्रुवारीला मराठी संकेतस्थळांच्या मुखपृष्ठांवर एक फलक झळकतो. विद्यापीठे, महाविद्यालये, ग्रंथालये, प्रकाशक, वृत्तपत्रे, आणि आता बँकाही यात मागे नसतात. कुसुमाग्रजांचे छायाचित्र, मागे पुस्तकांची चळत, भाषेच्या गौरवाचे चार शब्द. आणि जेथे आस्था थोडी अधिक असते तेथे त्या फलकाखाली एखादा लेख, एखादी मुलाखत, जुन्या नियतकालिकातून शोधून काढलेले एखादे टिपण. २८ फेब्रुवारीला सकाळी तेच मुखपृष्ठ पुन्हा उघडून पाहावे. फलक गेलेला असतो. ते ठीकच आहे. सण संपला की तोरण उतरवायचेच असते. परंतु पुष्कळदा फलकाबरोबर लेखही गेलेला असतो. हे मात्र ठीक नाही, आणि ते ठीक का नाही एवढेच आम्हांला येथे सांगायचे आहे.

आम्ही म्हणजे साहित्य शिकवणारी आणि अजून शिकत असलेली काही माणसे. संगणकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या विषयात तोंड घालण्याचे धाडस करीत आहोत, कारण जो निर्णय तांत्रिक म्हणून संगणक सांभाळणाऱ्याच्या टेबलावर ढकलला जातो तो मुळात संपादकीय निर्णय आहे. कोणता मजकूर केव्हा वाचकांसमोर यावा, किती काळ राहावा आणि केव्हा दूर व्हावा, हे ठरवणाऱ्यालाच आपण आजवर संपादक म्हणत आलो.

१

प्रथम ही सोय काय आहे ते पाहू. संकेतस्थळे चालवण्यासाठी आज जी साधने सर्रास वापरली जातात त्यांत पानावरील कोणत्याही घटकाला, मग ते चित्र असो, चौकट असो वा सबंध लेख, दोन तारखा जोडता येतात: या तारखेपासून दाखवा, आणि या तारखेपर्यंत दाखवा. जोडीला 'दर वर्षी' अशी खूण करण्याचीही सोय पुष्कळ ठिकाणी असते. एकदा या चौकटी भरल्या की माणसाचे काम संपले. ठरल्या वेळी ठरलेले काम संगणकाने आपण होऊन करावे ही कल्पना तशी जुनी. युनिक्स प्रणालीवर 'क्रॉन' नावाची सोय १९७० च्या दशकापासून हेच काम करीत आली आहे. पुढे वर्डप्रेससारख्या प्रणालींनी ती ज्याला संगणकाची भाषा येत नाही अशा लेखक-संपादकाच्याही हाती दिली.

या यंत्रणेतील दोन बारकावे आम्हांला आमच्या एका तंत्रज्ञ मित्राने समजावून सांगितले. ते साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा की वर्डप्रेसच्या मूळ रचनेत या कामासाठी अखंड चालणारे घड्याळ नसते. कोणी पान उघडले की त्या निमित्ताने ती प्रणाली एखादे काम करायचे राहिले आहे काय हे तपासते. कोणीच आले नाही, तर मध्यरात्री प्रकट व्हावयाचा लेख कोणी येईपर्यंत तसाच पडून राहतो. म्हणजे तारखेची आज्ञा पाळायलाही वाचक यावा लागतो. दुसरा बारकावा लपवण्याच्या दोन रीतींचा. एका रीतीत मजकूर वाचकाकडे पाठवलाच जात नाही. दुसऱ्या रीतीत तो वाचकाच्या संगणकापर्यंत पूर्ण पोचतो, मात्र त्यासोबत 'हा दाखवू नको' अशी आज्ञा येते. पुस्तक घरपोच द्यायचे आणि पाने चिकटवून द्यायची, असा हा प्रकार. दोन्ही रीतींत एक गोष्ट समान असते. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो आहे, धड आहे, आणि कोणीतरी तो दिसू नये असे ठरवले आहे.

२

यावर पहिला आक्षेप येईल तो आम्हांला ठाऊक आहे. तारखेशी साहित्याचे नाते काय आजचे आहे? हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी वाचकांनी त्यातून प्रकरणाप्रकरणाने वाचली; पुढचे प्रकरण अमुक दिवशी येणार म्हणून वाट पाहिली. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि एक सबंध वाङ्मयीन परंपरा एका सणाच्या खुंटीला टांगली गेली. जयंतराव साळगावकरांनी १९७३ पासून 'कालनिर्णय'च्या पानांमागे मजकूर छापायला सुरुवात केली आणि महिना उलटला की पान उलटू लागले. मग संकेतस्थळाने तारीख पाळली तर एवढा गहजब कशासाठी?

आक्षेप विचार करण्याजोगा आहे. आणि तो विचार केला म्हणजेच आमचा मुद्दा स्पष्ट होतो. वरील तिन्ही उदाहरणांत तारीख आहे ती प्रकट होण्याची. लोप पावण्याची तारीख एकातही नाही. 'करमणूक'चा अंक शनिवारी हाती आला आणि रविवारी त्यातील अक्षरे उडून गेली असे झाले नाही. म्हणून तर ती कादंबरी ग्रंथरूपाने आपल्यापर्यंत आली. दिवाळी अंक कार्तिकात जुना होतो, माघात रद्दीत जातो, आणि त्याच रद्दीतून कोणीतरी दहा रुपयांना तो विकत घेऊन त्यातील विसरलेली कथा पुन्हा प्रकाशात आणतो. मराठी कथेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जुन्या अंकांच्या बाडांत घालवलेले दिवस आठवावेत. 'कालनिर्णय'चे पान उलटते, पण ते खिळ्यावरच असते. मार्चमध्ये फेब्रुवारीचे मागचे पान वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' (१९५६) महिन्यामहिन्याने मांडले, म्हणून चैत्राचे प्रकरण पौषात मिटून बसत नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई'च्या प्रकरणांना रात्री म्हटले, म्हणून ती दिवसा वाचता येत नाहीत असेही नाही.

छापील मजकुराला प्रकट होण्याचा मुहूर्त असे. अंतर्धान पावण्याचा नसे. प्रकाशकाच्या मनात असते तरी त्याला ते जमले नसते, कारण प्रत वाचकाच्या घरी गेलेली असे. आंतरजालावर वाचकाच्या घरी काहीच जात नाही. तो दर वेळी प्रकाशकाच्या घरी येऊन वाचतो. म्हणून तेथे 'या तारखेपर्यंत' ही चौकट शक्य झाली. शक्य झाली म्हणून ती भरलीच पाहिजे असे मात्र कोणी सांगितले नव्हते.

३

तारीख संपादक झाली की ती निवडही करू लागते, आणि हा संपादक कमालीचा पक्षपाती असतो. ३ जानेवारीला सावित्रीबाई, ६ जानेवारीला 'दर्पण' आणि बाळशास्त्री, जानेवारीतच भाषा संवर्धनाचा पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रज, १ मे रोजी महाराष्ट्र, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून त्यात आणखी एका तारखेची भर. या दिवसांशी आमचे वैर नाही. २७ फेब्रुवारीच्या निमित्ताने एका विद्यार्थ्याने जरी 'विशाखा' हाती घेतली तरी तो दिवस सत्कारणी लागला. आमचा प्रश्न ज्यांना तारीखच नाही त्यांच्याविषयी आहे.

जनाबाईंची जन्मतारीख कोणाला ठाऊक आहे? लीळाचरित्र सिद्ध करणाऱ्या म्हाइंभटांची? जात्यावरची ओवी पहिल्यांदा म्हणणाऱ्या बाईचे नावच जेथे उरले नाही तेथे तारीख कुठून आणणार? आणि एवढे मागे जाण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना ज्या मुलांच्या जन्माची नोंद घरी कोणी ठेवलेली नसे त्यांच्या दाखल्यावर गुरुजी १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. खेड्यापाड्यांतून, वाड्यावस्त्यांवरून शिकायला आलेल्या कितीतरी माणसांचा कागदोपत्री जन्म १ जूनचा आहे. त्यांतली काही पुढे लिहू लागली. त्यांच्या आईला आठवत असते ते दुष्काळाचे साल, पुराचे साल, फार तर पेरणीचे दिवस. जी यंत्रणा जन्मतारखेच्या दाराने लेखकाला आत घेते ती या माणसांना एकतर खोट्या तारखेला आत घेते किंवा बाहेर उभी करते. ज्यांच्या घरी पंचांग, जन्मटिपण आणि वंशावळ होती त्यांची वाङ्मयीन आठवण वर्षातून दोनदा, जयंतीला आणि पुण्यतिथीला, आपोआप निघते. बाकीच्यांची कोणी आठवणीने काढली तरच.

ज्यांना तारीख आहे त्यांचीही गत बरी नाही. आपल्या परंपरेतील पुष्कळ दिवस तिथीचे आहेत आणि यंत्राला तिथी कळत नाही. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला आली. त्या वर्षी अधिक श्रावण होता, म्हणून पुढच्या वर्षी ती १७ जुलैला गेली. २०२५ साली ६ जुलैला. २०२३ मध्ये कोणी अभंगांवरील लेखाला २९ जून ही तारीख देऊन 'दर वर्षी' अशी खूण केली असेल, तर २०२४ मध्ये पालख्या अजून देहू-आळंदीत असताना तो लेख विठ्ठलाला भेटून आला आणि प्रत्यक्ष एकादशीला गुप्त झाला. पंचांग पाहून दर वर्षी तारीख बदलणारा माणूस तेथे बसलेला असता तर हे झाले नसते. पण माणूस बसू नये म्हणून तर ही सोय घेतलेली असते.

तिथीचे राहो, साध्या तारखेचेही एक गाव नसते. भारतातील मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत दाखवायला सांगितलेला २७ फेब्रुवारीचा लेख कॅलिफोर्नियातील मराठी वाचकाला २६ तारखेच्या सकाळी साडेदहाला दिसू लागतो आणि त्याच्या २७ तारखेच्या सकाळी साडेदहाला नाहीसा होतो. तो बिचारा कामावरून संध्याकाळी घरी येऊन, मुलांना जवळ घेऊन भाषादिन साजरा करू पाहतो तेव्हा इथल्या यंत्राच्या लेखी मराठीचा गौरव संपलेला असतो. एका तारखेच्या खुंटीवर साहित्य टांगले की त्या खुंटीच्या कक्षेबाहेरचा वाचक असा उपाशी राहतो.

४

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावा लागला तो सांगतो.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधातील एक संदर्भ तपासायला घेतला. एका दिवंगत कादंबरीकाराची जुनी मुलाखत. एका संस्थेने जन्मशताब्दीच्या निमित्ताने आपल्या संकेतस्थळावर ती पुनर्मुद्रित केली होती. प्रबंधातील एका प्रकरणाचा मुख्य युक्तिवाद त्या मुलाखतीतील दोन उत्तरांवर उभा होता. परीक्षकांनी सगळ्यांसमोर पडद्यावर तो दुवा उघडला. 'आपण शोधत असलेले पान उपलब्ध नाही.' सभागृहात जी शांतता पसरली ती आम्ही अनुभवली आहे. परीक्षक सज्जन होते, त्यांनी एवढेच विचारले, "ही मुलाखत तुम्ही नक्की कुठे वाचलीत?" मुलीने सांगितले, "सर, इथेच होती." ज्याला खोटे सांगायचे असते तोही हेच म्हणतो, हे तिला कळत होते आणि आम्हांलाही.

तिच्याजवळ छापून घेतलेली प्रत होती, ती तिने दुसऱ्या दिवशी आणून दाखवली आणि प्रकरण मिटले. आम्ही त्या संस्थेला दूरध्वनी केला. पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत आदबीने सांगितले, "मॅडम, तो कार्यक्रम संपला ना." पान काढून टाकलेले नव्हते. शताब्दी सप्ताहाच्या अखेरची तारीख दुसऱ्या चौकटीत भरलेली होती, एवढेच. पुढच्या वर्षी जयंतीच्या आठवड्यात ते त्याच पत्त्यावर पुन्हा दिसू लागले आणि आठवडा संपताच पुन्हा मिटले. वर्षातून आठ दिवस खरा असणारा आणि उरलेले दिवस खोटा ठरणारा हा संदर्भ आहे. असा संदर्भ घेऊन अभ्यास कसा करायचा, हे कोणत्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात दिले आहे?

जुनी पाने नाहीशी होतात ही तक्रार नवी नव्हे. आंतरजालाचा पाया घालणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी पानांचे पत्ते बदलू नयेत, मोडू नयेत, असे १९९८ सालीच लिहून ठेवले होते. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडली नाहीत. परंतु त्या मरणात आणि या लपण्यात फरक केला पाहिजे. संस्था बंद पडते, पैसे भरायचे राहतात, यंत्र जळते, तेव्हा मजकूर जातो. ती दुर्घटना आहे आणि दुर्घटनेवर हळहळता येते. येथे संस्था धडधाकट आहे, मजकूर शाबूत आहे, पत्ता तोच आहे. तरीही वाचकाला सांगितले जाते की असे काही नाहीच. 'हा मजकूर आम्ही सध्या दाखवत नाही' असे वाक्य तेथे असते तरी त्या मुलीची मान खाली गेली नसती. ग्रंथपाल जेव्हा 'पुस्तक बाहेर गेले आहे' असे म्हणतो तेव्हा तो सेवा नाकारतो. पण 'असे पुस्तक कधी नव्हतेच' असे म्हणतो तेव्हा तो आपल्याला खोटे पाडतो.

५

दुसऱ्यांना नावे ठेवून झाली. आता आमचाही गुन्हा कबूल केला पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्याचा अधिकार आम्हांला नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी जाऊन आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून आणल्या. कोणी ध्वनिमुद्रण केले, कोणी नुसतेच वहीत उतरवून घेतले. ओवी, म्हणणाऱ्या बाईचे नाव, गाव, ती तिने कोणाकडून ऐकली, असे रकाने होते. हे सगळे विभागाच्या संकेतस्थळावर ठेवायचे ठरले. ओवीला तारीख नसते. पण संकेतस्थळाला तारीख लागते. म्हणून ८ मार्च, महिला दिन, असा सोयीचा मुहूर्त आम्हीच काढला. 'या तारखेपासून' ८ मार्च. शेजारची चौकट रिकामी दिसत होती. रिकामी चौकट पाहिली की शिक्षकाचा हात थांबत नाही. आम्ही तेथे १५ मार्च असे लिहिले. का लिहिले, याचे उत्तर आजही आमच्याजवळ नाही.

पंधरा तारखेला ओव्या मिटल्या. पुढच्या वर्षी ८ मार्चला दुसरा कार्यक्रम होता. त्यानंतर संकेतस्थळ नव्याने बांधायला दिले गेले. बांधणाऱ्याने जुन्या ठिकाणी जी पाने दिसत होती त्यांची यादी केली आणि तेवढी नव्या ठिकाणी हलवली. ओव्या दिसत नव्हत्या. त्यात त्याची चूक नाही. जे घरच्यांनीच झाकून ठेवले ते पाहुण्याने हलवावे अशी अपेक्षा कशी करायची? आमच्या लक्षात आले तोवर जुनी जागा सोडून दिलेली होती. काही विद्यार्थ्यांकडे वह्या निघाल्या, त्यांतून काही ओव्या परत मिळाल्या. सगळ्या नाही. आणि त्या आज्यांपैकी काही आता नाहीत.

म्हणून आम्ही ठामपणे म्हणतो की लपवणे ही नष्ट होण्याची पहिली पायरी आहे. जे दिसत नाही त्याची मोजदाद होत नाही. ज्याची मोजदाद होत नाही ते स्थलांतरात प्रथम हरवते. शिवाय त्याच्या हरवण्याची तक्रार करायला कोणी वाचकही उरत नाही, कारण वाचकाला आपण आधीच त्याच्या नसण्याची सवय लावलेली असते.

६

या सोयीच्या बाजूने जे सांगितले जाते त्याचाही परामर्श घेऊ. पहिले समर्थन जागेचे: मुखपृष्ठ लहान असते, सगळेच कायम दाखवता येत नाही. मान्य. पण मुखपृष्ठावरून उतरवणे आणि पानच मिटवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर दिनविशेषाची चौकट तारखेबरोबर बदलते. मात्र २७ फेब्रुवारीचे पान वर्षाच्या कोणत्याही दिवशी उघडता येते, आणि त्यात कोणी केव्हा काय बदलले हेही पाहता येते. २००३ सालापासून स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभ्या असलेल्या त्या प्रकल्पाला जे जमते ते अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना न जमण्याचे कारण नाही. गूगलचे दिनविशेषाचे चित्र बहुधा एका दिवसाचेच असते. पण १९९८ पासूनची तशी चित्रे त्यांनी संग्रहात ठेवली आहेत. जाहिरातीवर जगणारी कंपनी आपली एका दिवसाची चित्रे जपते आणि साहित्यसंस्था आपले लेख झाकून ठेवतात, ही तुलना आम्हांला सुखाची वाटत नाही.

दुसरे समर्थन ताजेपणाचे. जुना मजकूर दिसला की संकेतस्थळ मरगळलेले वाटते म्हणे. हे म्हणणे बाजारभावाच्या फलकाला लागू आहे, प्रवेशाच्या सूचनेला लागू आहे. अर्जाची मुदत संपली की ती सूचना खाली उतरलीच पाहिजे, नाहीतर विद्यार्थी फसतो. तेथे ही दुसरी चौकट खरोखर उपकारक आहे. पण मुलाखतीची मुदत कोणत्या दिवशी संपते? समीक्षालेख कोणत्या तारखेला शिळा होतो? सूचना आणि साहित्य यांना एकच फूटपट्टी लावणे हा या सगळ्या गोंधळाचा उगम आहे.

तिसरे समर्थन स्वामित्वहक्काचे, आणि ते मात्र वजनदार आहे. लेखकाच्या वारसांनी काही काळापुरतीच परवानगी दिली असेल, तर मुदत संपल्यावर मजकूर काढणे हे संस्थेचे कर्तव्यच ठरते. आमचे म्हणणे एवढेच की तसे तेथे लिहावे. मजकूर जाईल, पण त्याचे नाव, लेखक, मूळ प्रसिद्धीचे स्थळ आणि 'परवानगी अमुक तारखेपर्यंत होती' हे वाक्य राहील. तेवढ्यावर अभ्यासक मूळ अंक शोधू शकतो. शिवाय कायदा ज्यांना इतका प्रिय आहे त्यांनी त्याची दुसरी बाजूही पाहावी. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनाचे वर्ष सरल्यानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. मर्ढेकर १९५६ साली गेले. १ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता सर्वांच्या झाल्या. मजकूर प्रकट करण्यासाठी याहून रास्त तारीख कोणती असू शकेल? किती संस्थांनी ती आपल्या यंत्राला सांगून ठेवली होती? लपवण्याच्या तारखा आम्हांला बिनचूक आठवतात. उघडण्याच्या तारखा आल्या कधी आणि गेल्या कधी, हेही कळत नाही.

७

मग करावे काय? यासाठी नवे तंत्र नको, नवी समिती तर नकोच. मुखपृष्ठावरील फलकाला हवी तेवढी मुदत द्यावी, पण फलकामागील लेखाचे पान कायम उघडे ठेवावे. प्रत्येक लेखावर तो केव्हा ठेवला हे लिहावे. काढावा लागलाच तर त्या जागी कारण आणि तारीख ठेवून काढावा. दर वर्षी त्याच पत्त्यावर नवा मजकूर ओतून जुना पुसण्याऐवजी प्रत्येक वर्षाचे पान वेगळे ठेवावे, म्हणजे एखाद्या संस्थेची २०१५ मधली भाषेविषयीची समज आणि २०२५ मधली समज यांची तुलना तरी उद्याचा अभ्यासक करू शकेल. संकेतस्थळ नव्याने बांधायला देताना दिसणाऱ्या पानांबरोबर झाकलेल्या पानांचीही यादी द्यावी. आणि 'या तारखेपर्यंत' ही चौकट भरण्यापूर्वी तेथे माणसाचे नाव लिहिण्याची सक्ती करावी; तारखेला जाब विचारता येत नाही, माणसाला येतो.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे वेगळे आहे. संदर्भ म्हणून वापरायचे पान त्याच दिवशी उतरवून ठेवा, पाहिल्याची तारीख नोंदवा, आणि त्याची एक प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून तो दुवाही द्या. २००१ पासून सर्वांना खुली असलेली ही सोय आपल्या विद्यापीठांतून अजून फार थोडे लोक वापरतात. प्रबंधाच्या मार्गदर्शकाने हे पहिल्या आठवड्यात शिकवले पाहिजे. आमच्या विद्यार्थिनीला आम्ही ते शिकवले नव्हते. तिने छापून ठेवले ते स्वतःच्या शहाणपणाने.

येत्या २७ फेब्रुवारीला पुन्हा फलक लागतील. लागावेत. त्यांच्याखाली कोणी कष्टाने शोधून काढलेला लेख ठेवील, त्याला आम्ही मनापासून धन्यवाद देऊ. त्याला एवढीच विनंती की पहिल्या चौकटीत तारीख खुशाल लिहावी. दुसरी चौकट रिकामी ठेवावी.